पहिला प्रश्न वाया जाऊ देऊ नका: नवशिक्यांसाठी प्रोग्रॅमिंगचा ऑनलाइन गट कसा चालवावा

एक कंस बंद करायचा राहतो. स्क्रीनवर लाल अक्षरं उमटतात, तीही इंग्रजीत, आणि ती नक्की काय सांगताहेत ते कळत नाही. नवीन माणूस तासभर झगडतो आणि दुसऱ्या दिवशी संगणक उघडतच नाही. शेजारी कोणी जाणतं असतं तर हीच गोष्ट तीन मिनिटांत मिटली असती.

ऑनलाइन गट उभा करायचा तो या तीन मिनिटांसाठी. धडे आणि व्हिडिओ भरपूर आहेत. अडल्या क्षणी न हसता उत्तर देणारं माणूस मात्र शोधावं लागतं. म्हणून गट आखताना प्रत्येक निर्णय एकाच कसोटीवर घासून पाहा: नवख्याला आपला पहिला प्रश्न इथे न घाबरता विचारता येईल का, आणि त्याला किती वेळात, कशा शब्दांत उत्तर मिळेल?

गट केवढा, भाषा कोणती

सुरुवात आठ ते बारा शिकणाऱ्यांनी आणि किमान तीन जाणत्यांनी करा. जाणता एकच असला आणि तो कामात अडकला की प्रश्न दोन-दोन दिवस पडून राहतात. तसे पडलेले प्रश्न पाहून पुढचा माणूस विचारायचंच टाळतो. शंभर जणांना एकदम आत घेतलं तर एवढ्या लोकांसमोर 'मला येत नाही' म्हणायचा धीर फार थोड्यांना होतो. गट मोठा हवाच असेल तर आत आठ-दहा जणांच्या तुकड्या करा.

जाणत्यांनी वार वाटून घ्यावेत आणि आज उत्तरं कोण देणार, ते नाव गटात वर पिन केलेलं असावं. 'सगळे मिळून बघू' म्हटलं की कोणीच बघत नाही. पहिला प्रतिसाद बारा तासांच्या आत गेलाच पाहिजे. सविस्तर लिहायला वेळ नसेल तर 'वाचलं, संध्याकाळी नीट लिहितो' एवढं तरी लिहा.

पूर्ण गटासाठी भाषा एकच ठरवा, नाहीतर एकाची अडचण दुसऱ्याच्या कामाची राहत नाही. प्रौढ नवशिक्यांना पायथन बरी पडते. गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये ती पहिल्यांदा लोकांसमोर आणली. तिच्यात चिन्हांचा पसारा कमी आणि शिकण्याचं साहित्य अमाप आहे. आवृत्ती तिसरीच घ्या. दुसरीचा आधार १ जानेवारी २०२० पासून बंद झाला, पण तिच्यातले जुने धडे इंटरनेटवर अजून सापडतात. त्यांची खूण सोपी: 'प्रिंट' या शब्दापुढे कंस नसतो. तो कोड आज चालत नाही, आणि शिकणाऱ्याला वाटतं की चूक आपलीच. लहान मुलांसाठी स्क्रॅच घ्या, पण गट वेगळा करा. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबने २००७ मध्ये आणलेल्या या भाषेत रंगीत ठोकळे जोडून प्रोग्रॅम करतात, त्यामुळे स्पेलिंगच्या चुकांना वावच राहत नाही.

'कोणती भाषा सर्वांत चांगली' हा वाद गटात येऊ देऊ नका. जाणत्यांना त्यात रस वाटतो, पण वाचणाऱ्या नवशिक्याला आपण चुकीच्या गाडीत बसलो की काय, अशी धास्ती बसते.

पहिल्याच घासाला खडा

सर्वाधिक माणसं गळतात ती कोड लिहिण्याच्याही आधी, इन्स्टॉल करताना. म्हणून पहिल्या दिवशी काहीही इन्स्टॉल करायला सांगू नका. ब्राउझरमध्ये चालणारा एखादा एडिटर द्या आणि दहा मिनिटांच्या आत प्रत्येकाच्या स्क्रीनवर त्याचं स्वतःचं नाव छापून येऊ द्या. इन्स्टॉल करण्याचं काम दुसऱ्या बैठकीला, सगळे मिळून, स्क्रीन शेअर करून. तिथे चार खड्डे ठरलेले आहेत. ते आधीच लिहून पिन करा.

पहिला, पाथ, म्हणजे संगणक प्रोग्रॅम कुठे-कुठे शोधतो त्या जागांची यादी. विंडोजवर पायथनच्या नेहमीच्या इन्स्टॉलरमध्ये पहिल्याच खिडकीत तळाशी 'पाथमध्ये जोडा' अशा अर्थाचा एक चौकोन असतो. त्यावर खूण करायची राहिली की टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, 'पायथन' टाइप केल्यावर विंडोज ती आज्ञा ओळखत नाही, किंवा सरळ मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं. इलाज: पायथन काढून टाकून चौकोनावर खूण करून पुन्हा इन्स्टॉल करायचं आणि टर्मिनल बंद करून नव्याने उघडायचं. हे शेवटचं बहुतेक जण विसरतात. जुन्या खिडकीला नवा पाथ माहीतच नसतो.

दुसरा, फाइलचं नाव. नोटपॅडमध्ये फाइल जतन केली की तिच्या शेपटाला गुपचूप 'डॉट टीएक्सटी' लागतं आणि विंडोज ते शेपूट दाखवतही नाही. आधी फाइल एक्स्प्लोररमध्ये फाइलची पूर्ण नावं दिसण्याची सोय चालू करायला लावा.

तिसरा खड्डा फसवा आहे. रँडम मॉड्यूल (कोणताही आकडा निवडून देणारा पायथनमधला तयार कोड) शिकताना माणूस आपल्या फाइललाही 'रँडम' हेच नाव देतो. मग पायथन मूळ मॉड्यूलऐवजी त्याचीच फाइल उचलतं आणि 'या मॉड्यूलमध्ये असं काही नाही' म्हणतं. कोड अक्षर न् अक्षर बरोबर असतो, तरी चालत नाही. फाइलचं नाव बदललं की काम झालं.

चौथा, अवतरणचिन्हं. मेसेजिंग ॲप किंवा वर्ड प्रोसेसर सरळ अवतरणचिन्हांची वळणदार चिन्हं करून टाकतो. डोळ्यांना फरक जाणवत नाही, पायथनला मात्र ते अनोळखी अक्षर वाटतं. जाणत्याने प्रेमाने पाठवलेलं उत्तरच अशा वेळी चालत नाही. इलाज पुढे येतोच आहे.

अडचण मांडायला शिकवा

'माझा प्रोग्रॅम चालत नाही' या प्रश्नाला उत्तर नसतं, आणि नवशिक्याला याहून अधिक काय सांगायचं हेच माहीत नसतं. म्हणून त्याच्या हाती एक साचा द्या:

'मला करायचं होतं: दोन संख्यांची बेरीज. माझा कोड: (इथे चिकटवा). झालं असं: (एररचा पूर्ण मजकूर, किंवा आलेलं उत्तर). मी करून पाहिलं: (दोन ओळी).'

चारपैकी शेवटची ओळ लोक गाळतात, पण उत्तर देणाऱ्याला तिचाच उपयोग सर्वांत जास्त. समोरच्याच्या डोक्यात काय चित्र आहे ते तिथे दिसतं. मात्र साचा हे दार अडवायचं साधन नाही. कोणाचा पहिलाच प्रश्न अर्धवट आला तर 'नियम वाचा' म्हणू नका. 'एररची शेवटची ओळ इथे टाकता का?' असं विचारा. साचा तिसऱ्या-चौथ्या प्रश्नापर्यंत आपोआप अंगवळणी पडतो.

कोड मजकूर म्हणूनच यावा, स्क्रीनच्या फोटोतून नाही. फोटोतला कोड चालवून बघता येत नाही, शोधता येत नाही, आणि कोलन आहे की अर्धविराम ते मोबाइलवर दिसत नाही. मजकूर चिकटवताना त्याच्या आधी आणि नंतर तीन-तीन बॅकटिक टाकायला शिकवा. बहुतेक कीबोर्डवर हे चिन्ह एस्केप बटणाच्या खाली असतं. बहुतेक चॅट ॲप्समध्ये त्यामुळे ओळींच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागा शाबूत राहतात आणि अवतरणचिन्हंही सहसा वाकडी होत नाहीत. पायथनमध्ये त्या मोकळ्या जागांनाच अर्थ आहे: कोणती ओळ लूपच्या (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागाच्या) आत आणि कोणती बाहेर, हे त्यावरूनच ठरतं.

एरर वाचणं हा पहिल्या पंधरवड्यातला सर्वांत मोलाचा धडा. पायथनचा एरर खालून वर वाचायचा. शेवटच्या ओळीत काय बिघडलं ते असतं, तिच्या वर कुठल्या ओळीत बिघडलं ते. दाखवलेली ओळ बरोबर दिसली तर तिच्या वरची ओळ तपासा. कंस आदल्या ओळीत उघडा राहिला असला तर जुनी पायथन पुढच्या ओळीवर बोट ठेवायची. २०२१ मध्ये आलेल्या ३.१० आवृत्तीपासून मात्र कोणता कंस बंद झालेला नाही ते ती नेमकं सांगते. तेवढ्या एका कारणासाठीही सगळ्यांकडे नवी आवृत्ती असू द्या.

एरर येत नाही पण उत्तर चुकतं, तेव्हा कोड अर्धा करायचा. खालचा अर्धा भाग शेऱ्यात (कॉमेंटमध्ये) टाकून बंद करा आणि वरच्या भागातली व्हेरिएबल, म्हणजे किंमत साठवणारी नावं, छापून बघा. वरचं बरोबर असेल तर चूक खाली. चाळीस ओळींचा कोड पाच-सहा फेऱ्यांत एका ओळीवर येतो, आणि निम्म्या वेळा प्रश्न विचारायची गरजच उरत नाही.

स्वतः किती वेळ झगडायचं, तेही सांगून टाका: वीस मिनिटं. वीस मिनिटांत नवं काही सुचलं नाही तर विचारायचं. रात्रभर एकट्याने डोकं फोडण्यात शौर्य नाही, आणि पहिल्याच मिनिटाला विचारलं तर एरर वाचायची सवय लागत नाही.

आणखी एक: कोड टाकण्यापूर्वी त्यातले पासवर्ड आणि एपीआय की (बाहेरची सेवा वापरण्यासाठी मिळालेली गुप्त किल्ली) काढून टाकायच्या. चुकून गेल्याच तर मेसेज पुसून भागत नाही. ती की रद्द करून नवी घ्यायची.

उत्तर कसं द्यायचं

गट टिकतो की मोडतो ते इथे ठरतं. एक नेहमीचा प्रश्न घ्या. शिकणारीने दोन संख्या विचारून त्यांची बेरीज छापली. ५ आणि ३ दिले, उत्तर आलं ५३.

'इनपुटला इंट लावा' (टाइप केलेल्या मजकुराची पूर्णांक संख्या करा) हे उत्तर बरोबर आहे, आणि त्यातून ती काहीच शिकत नाही. पुढच्या वेळी वय विचारून तुलना करताना पुन्हा अडकेल. त्याऐवजी असं लिहा: 'उत्तर ८ ऐवजी ५३ आलं, म्हणजे संगणकाने दोन आकडे मिळवले नाहीत, शेजारी-शेजारी चिकटवले. आपण शब्द चिकटवतो तसे. पहिल्या व्हेरिएबलवर टाइप हे फंक्शन (किंमत कोणत्या प्रकारची ते सांगणारं) लावून छापून बघता का? काय येतं ते इथे टाका.' छापून येतं 'एसटीआर', म्हणजे स्ट्रिंग, मजकूर. मग सांगा, की इनपुट कीबोर्डवरून आलेलं सगळं मजकूर म्हणूनच हाती देतं, कारण माणूस आकडा टाइप करेल की नाव, हे त्याला आधी ठाऊक नसतं. आता 'इंट' का लागतं हे तिला स्वतःलाच दिसतं.

पण सूचक प्रश्नांची कोडी करत बसू नका. दोन सूचना द्या. तेवढ्यात नाही जमलं तर उत्तर कारणासकट सरळ सांगा. तिसऱ्या सूचनेपासून शिकणाऱ्याला आपली परीक्षा चालल्यासारखं वाटायला लागतं.

त्याच्या कोडमध्ये पाच दोष दिसले तर एकच सांगा, ज्यामुळे गाडी अडली आहे तो. व्हेरिएबलला चांगलं नाव द्यायला हवं होतं, हे कोड चालल्यावर, दुसऱ्या दिवशी. पूर्ण कोड स्वतः लिहून पाठवणं तर टाळाच; ती मदत वाटते, पण तो कोड मग त्याचा राहत नाही.

'सोपं आहे', 'फक्त एवढंच करायचं', 'अहो, हे तर पहिल्याच धड्यात आहे' ही वाक्यं गटातून हद्दपार करा. सांगणाऱ्याच्या मनात धीर देणं असतं. ऐकणाऱ्याला कळतं की सोप्या गोष्टीवर आपण अडलो. न्यूयॉर्कमधल्या रिकर्स सेंटर या संस्थेत प्रोग्रॅमर एकत्र शिकायला जमतात. तिथले दोन नियम जसेच्या तसे उचलण्यासारखे आहेत. एक, कोणाला एखादी गोष्ट माहीत नाही म्हणून आश्चर्य दाखवायचं नाही. दोन, मुद्द्याला धक्का न लावणारी बारीक दुरुस्ती करायला मध्ये घुसायचं नाही. दुसरा नियम जाणत्यांना फार जड जातो. नवशिक्याला लूप समजावला जात असतो आणि कोणीतरी येऊन याहून वेगवान पद्धत सांगतो. ती माहिती खरी असते, पण वेळ चुकलेली असते.

उत्तरात तथ्याची चूक असेल तर ती मात्र गटातच, शांतपणे दुरुस्त करावी, कारण ते उत्तर सगळे वाचणार आहेत. कोणाचा सूर खटकला तर ते खाजगीत बोलावं. आणि गटात सगळ्यांनी सगळ्यांना 'तुम्ही' म्हणावं. जाणता 'अरे' म्हणतो आणि शिकणारा 'सर' म्हणतो, तिथे प्रश्न कमी होतात.

मराठीत समजावताना

व्हेरिएबल, लूप, फंक्शन, स्ट्रिंग हे शब्द तसेच ठेवा. चल, आवर्तन असे प्रतिशब्द आणले तर शिकणाऱ्याला दोन भाषा शिकाव्या लागतात. स्पष्टीकरण मात्र घरच्या मराठीत. एररचा मजकूर कधीही भाषांतरित करून टाकू नका, नाहीतर तो शोधून सापडणार नाही. मूळ इंग्रजी ओळ ठेवा आणि खाली तिचा अर्थ लिहा.

पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीत व्हेरिएबलचं नाव देवनागरीत चालतं. 'वय', 'एकूण' अशी नावं पहिल्या आठवड्यात जरूर द्या. कोडमधले कोणते शब्द भाषेचे आणि कोणते आपण ठेवलेले, हा फरक त्याने चटकन कळतो. पुढे इतरांचा कोड वाचायचा असल्याने रोमन नावांकडे वळावंच लागेल. मराठी कीबोर्ड चालू राहिला तर एक गंमतशीर अडचण येते: कोडमध्ये थेट देवनागरी २५ लिहिलं तर पायथन ते नाकारतं, पण चालू प्रोग्रॅमने विचारल्यावर तेच २५ टाइप केलं आणि इंटने रूपांतर केलं, तर ते बिनतक्रार चालतं. आणि 'नमस्ते' या शब्दाची लांबी विचारली तर उत्तर सहा येतं, कारण हलन्त आणि मात्रा वेगवेगळ्या मोजल्या जातात. हा प्रश्न गटात टाकून बघा. एरवी गप्प असणारेही उत्तर द्यायला येतात.

आठवड्याचा ठोका

रोज अर्धा तास पुरतो. रविवारी सलग चार तास बसण्यापेक्षा तो चांगला. सोमवारी सहा ते आठ ओळींचा चालणारा कोड टाका आणि न चालवता काय छापलं जाईल ते ओळखायला सांगा. मंगळवारी चालवून बघायचं. अंदाज चुकला की लक्ष आपोआप त्या ओळीवर जातं. रेंजला (मोजणी करून देणाऱ्या फंक्शनला) १ आणि १० दिले तर मोजणी ९ वरच थांबते, हे वाचून लक्षात राहत नाही, असा अंदाज चुकल्यावर राहतं. एक बरोबरचं चिन्ह किंमत ठेवतं आणि दोन तुलना करतात, त्याचंही तसंच.

बुधवारी ओळींची अदलाबदल केलेला कोड द्या आणि क्रम लावून घ्या. डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ मध्ये मांडलेला हा प्रकार नवशिक्यांना फार उपयोगी पडतो, कारण टायपिंगच्या चुका बाजूला राहतात आणि विचार तेवढा क्रमावर होतो. शुक्रवारी सोमवारच्याच कोडमध्ये एक बदल करायचा. कोऱ्या पानावर स्वतःचा प्रोग्रॅम तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून. त्याआधी तो मागितला की लोक दुसऱ्याचा चिकटवतात.

आठवड्यातून एकदा पंचेचाळीस मिनिटं दोघादोघांनी स्क्रीन शेअर करून बसावं. एक टाइप करतो, दुसरा पुढचं सुचवतो, दर पंधरा मिनिटांनी बदल. जोडीत जाणता असेल तर कीबोर्ड पूर्ण वेळ शिकणाऱ्याकडेच. जाणत्याने 'इथे कंस टाका' असं बटण-बटण सांगू नये. 'आता प्रत्येक नाव एकदा छापायचं आहे' असा हेतू सांगावा, आणि मनात दहापर्यंत मोजून गप्प राहावं. ती शांतता अवघड असते, पण शिकणारा बहुधा सातव्या-आठव्या आकड्याला बोलतो.

एआय चॅटबॉटवर बंदी घालून उपयोग नाही, लोक वापरतातच. मर्यादा आखा. वीस मिनिटांच्या प्रयत्नानंतर एररचा अर्थ विचारायला तो चालेल. त्याच्याकडून आलेला कोड गटात टाकायचा असेल तर प्रत्येक ओळ स्वतःच्या शब्दांत समजावता आली पाहिजे. दुसऱ्याच्या प्रश्नाला त्याचं उत्तर चिकटवणं मात्र अजिबात नको. डिसेंबर २०२२ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटने अशा उत्तरांना मनाई केली ती याच कारणाने: उत्तरं ऐटदार दिसत, पण चुकीची फार निघत, आणि तपासायचा भार स्वयंसेवकांवर पडे.

जे बोलत नाहीत त्यांच्यासाठी

गटात बरेच लोक नुसते वाचतात. तेही शिकत असतात, त्यांना ओढून बोलकं करू नका. दर पंधरवड्याला एकेकट्याला विचारा, 'सध्या कुठल्या धड्यावर आहात? कुठे अडलं?' बरेच जण पहिला प्रश्न खाजगीतच विचारतात. उत्तर द्या, आणि त्यांची हरकत नसेल तर नाव न घेता तो प्रश्न गटात मांडा. आणखी दोघांना तोच प्रश्न पडलेला निघाला की पुढचा प्रश्न ते स्वतः गटात विचारतात.

महिनाभर टिकलेल्यांना नव्या तुकडीचे पाथ आणि अवतरणचिन्हांचे प्रश्न सोपवा. हेच खड्डे त्यांना नुकतेच लागले आहेत, त्यामुळे समोरचा नेमका कुठे गोंधळला ते त्यांना जाणत्यांपेक्षा लवकर कळतं. जाणत्याने पाठीमागे राहून चूक तेवढी सावरावी.

आणि जो दोन आठवडे दिसला नाही त्याला हजेरी विचारू नका. मागे पडलेले धडेही मोजून दाखवू नका. पाच मिनिटांत संपेल असं एकच काम पाठवा: 'खालच्या चार ओळी चालवून बघा. तिसऱ्या ओळीतला ५ बदलून ० केला तर काय होतं, ते सांगाल का?'